भिवंडीची खाचरे आणि आकाशातला डोळा

ठाण्याहून बाळकुम मागे टाकून कशेळीच्या पुलावर आले की खाली खाडीचे गढूळ पाणी आणि डोक्यावर मेट्रोचे खांब, असे आजच्या भिवंडीचे पहिले दर्शन घडते. पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावे लागतात. ‘गावे’ हा शब्द मी जुन्या सवयीने वापरला. आज ही नावे मालाच्या पावत्यांवर गोदामांचे पत्ते म्हणून छापली जातात. मुंबईकराने रात्री मोबाईलवर मागवलेली वस्तू सकाळी त्याच्या दारी येते, ती बहुधा याच पट्ट्यातील एखाद्या पत्र्याच्या छताखालून निघालेली असते. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा व्यवसाय या छतांखाली आहे. काहींची तर छतेच स्वतःची आहेत. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे ते कोणा परक्याविषयी नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो.

१९८८ ते १९९१ अशी तीन वर्षे मी भिवंडीतील एका बँकशाखेत अधिकारी होतो. सकाळी यंत्रमागांच्या खडखडाटात कारखानदारांची खाती पाहायची आणि आठवड्यातून दोन दिवस मोटारसायकलवरून पीक कर्जाच्या पाहणीला खेड्यांत जायचे, असा क्रम असे. एम.कॉम. झालेल्या माणसाला भाताचे पीक काय कळणार? पण अहवालावर सही माझी असे. बांधावर उभे राहून खाचराकडे पाहायचे, सातबाऱ्यावरील क्षेत्राशी मनातल्या मनात ताळा घालायचा आणि ‘पीक समाधानकारक’ असे लिहायचे. खरे तर मी पिकापेक्षा शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडेच अधिक पाहत असे. जमिनीच्या नोंदीचा हा सोस या तालुक्याला जुनाच आहे. लोनाडजवळ चौधरपाड्याला शिलाहारकाळातील दानलेख दगडावर कोरलेला आहे. दगडाच्या जागी कागद आला आणि आता कागदाच्या जागी पडदा आला, इतकेच.

गेल्या नोव्हेंबरात पुन्हा त्या वाटेने जाण्याचा योग आला, तो पुतण्यामुळे. दोन वर्षांपूर्वी त्याने भागीदारीत अनगावच्या बाजूला जमीन घेतली आहे. तेथे गोदाम उभारण्याचा त्यांचा विचार आहे. मालमोटारींना वळण घेता यावे म्हणून शेजारच्या खाचरातील सहा गुंठ्यांची पट्टी त्याला हवी होती. शेजारी कोण, तर माझे जुने कर्जदार. पुतण्या म्हणाला, “काका, ते तुमचा शब्द मोडणार नाहीत.” मी गेलो. माझ्या पाहणीच्या जुन्या वहीचा उपयोग आता या कामासाठी होणार होता, हे मला वाटेत नदीनाक्यापाशी उमगले, पण परत फिरलो नाही.

नदीनाका, शेलार, कवाड आणि मग अनगाव. वाडा रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांच्या निळ्या भिंती, त्यांच्या फटीतून मध्येच भाताचा पिवळा तुकडा. ते गृहस्थ आता ऐंशीच्या जवळ आले आहेत. ओटीवर बसले होते. मला पाहताच म्हणाले, “काय सायेब, वाट चुकलाव का?” मी नमस्कार केला. त्यांचे पहिले कर्ज २,००० रुपयांचे होते, हे त्यांनी मला आठवण करून दिले. वेळेवर फेडले होते, हेही.

घरात त्यांची नात होती. वाणिज्य शाखेची पदवीधर. राहनाळच्या एका गोदामात दुपारपाळीला काम करते आणि सकाळी शेत पाहते. गोदामात तिच्या हातात स्कॅनर असतो. कोणता डबा कोणत्या फडताळावरून उचलायचा, कोणत्या वाटेने न्यायचा, हे संगणक ठरवतो. म्हणाली, “आजोबा, तिथं एक साबणाची वडी हरवली तरी पडद्यावर दिसतं. आमच्या शेतात काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं, म्हणून मी बघायला लागले.”

‘बघायला लागले’ म्हणजे काय, ते तिने मोबाईल उघडून दाखवले. हवामान विभागाचे ‘मेघदूत’ हे ॲप २०१९ पासून आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला मराठीतून येतो. ई-पीक पाहणीची नोंद ती स्वतः खाचरात उभी राहून छायाचित्रासह करते. ही सोय १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाली, त्याआधी तलाठ्याची वाट पाहावी लागे. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेला पावसाच्या आगमनाचा अंदाज १३ राज्यांतील सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मोबाईलवर पाठवला, काही ठिकाणी चार आठवडे आधी. एवढ्या आधीचा अंदाज शेतकऱ्याच्या हाती पडणे ही माझ्या मते गेल्या काही वर्षांतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. रोहिणी-मृगाच्या भरवशावर पेरणी करून दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर नेणारी माणसे मी काउंटरच्या पलीकडे पाहिली आहेत.

परंतु त्याच मुलीने सांगितलेली पुढची हकिगत ऐका. २०२५ साली दिवाळी उलटली तरी कोकणातला पाऊस हटला नव्हता. भात पिकून उभा होता. मोबाईलवर इशारा आला, पावसाचे दिवस आहेत, कापणी पुढे ढकला, कापलेला भात सुरक्षित ठिकाणी हलवा. सल्ला अगदी योग्य होता. कापलेल्या भाताचे कडपे दोन-तीन दिवस खाचरातच सुकत पडलेले असतात. त्यांवर पाणी साचले की दाण्याला मोड येतात. उभ्या पिकाचे नुकसान तुलनेने कमी. पण मजूर ठरलेले होते त्याच तारखांना. आज सोडले तर पंधरा दिवस मिळणार नाहीत, कारण गोदामांत माल चढवायला रोजची मजुरी मिळते आणि तेथे पावसाची सुट्टी नसते. आजोबांनी कापणी करवली. अर्धे खाचर भिजले. नात म्हणाली, “मला तीन दिवस आधी माहीत होतं.” एवढे बोलून ती आत चहा आणायला गेली.

बँकेच्या भाषेत बोलायचे तर माहिती ही चालू मालमत्ता आहे, ती वेळेत वटवता आली तरच. इशारा मिळणे आणि त्यावर कृती करता येणे यांत मजूर, यंत्र, ताडपत्री, खळे आणि थोडी शिल्लक एवढे सगळे उभे असते.

हे मी बारामती पाहून आलो होतो म्हणून मला अधिक जाणवले. २०२५ च्या जानेवारीत आम्ही काही निवृत्त सहकारी तेथे गेलो होतो. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ही अप्पासाहेब पवारांनी १९७१ मध्ये स्थापन केलेली संस्था. तिने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. शेतात हवामान केंद्र, मातीत ओलावा व क्षार मोजणारे संवेदक, वरून उपग्रहाची छायाचित्रे. ही सगळी माहिती एकत्र करून संगणक सांगतो, आज एवढे पाणी द्या, या कोपऱ्यात नत्र कमी आहे, तेथे रोगाची शक्यता दिसते. शेतकऱ्याला हे सारे मोबाईलवर मराठीत मिळते. सुमारे हजार शेतकऱ्यांना प्रयोगात सामावून घेतले होते. २०२५ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी बारामतीच्या या उसाचे जाहीर कौतुक केले आणि मग मराठी वृत्तपत्रांनाही त्याची दखल घ्यावीशी वाटली! उत्पन्नात वाढ आणि पाण्यात मोठी बचत, असा प्रयोगकर्त्यांचा दावा आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाॲग्री-एआय’ धोरण २०२५ ते २०२९ या काळासाठी मंजूर केले. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरली.

मी प्रयोगाच्या बाजूचा माणूस आहे. तरीही जमाखर्च मांडल्याशिवाय मला राहवत नाही. उसाला ठिबक बसवता येते, म्हणजे पाणी शेतकऱ्याच्या मुठीत असते. पीक वर्षभर किंवा अधिक काळ उभे राहते, त्यामुळे महिन्याभराची चूक पुढच्या महिन्यात सुधारता येते. आणि गिऱ्हाईक म्हणून साखर कारखाना ठरलेला असतो. अशा शेतात संवेदकावर केलेला खर्च वसूल होण्याला आधार आहे. भिवंडीच्या खाचरात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि पीक चार-साडेचार महिन्यांत घरी येते. श्रावणात मातीतला संवेदक सांगणार काय? ‘ओली आहे.’ ते बेडकालाही ठाऊक असते.

दुसरी अडचण मला अधिक रंजक वाटली. शेतीसाठी सर्रास वापरली जाणारी मोफत छायाचित्रे युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ या उपग्रहांची. त्यांच्या चित्रातला सर्वांत लहान ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असतो, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे १०१ चौरस मीटर. एक ठिपका, एक गुंठा! इतका सरळ हिशेब मला नोकरीत क्वचित मिळाला. आता कोकणातले खाचर असते चार-पाच गुंठ्यांचे, वाकड्यातिकड्या बांधांचे. त्याचे जेमतेम चार-पाच ठिपके होणार आणि त्यांतलेही कडेचे ठिपके अर्धे भात, अर्धे गवत, पलीकडे शेजाऱ्याचा पत्रा. विदर्भातल्या पाच एकरांच्या कापसाच्या तुकड्याचे दोनशे ठिपके होतात. तेथे संगणकाला बोलायला जागा आहे. आमच्याकडे तो अंदाजच बांधणार, मी बांधत असे तसा. शिवाय भाताला खरी गरज असते जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा या आकाशातल्या डोळ्यापुढे ढगांचा पडदा असतो.

ढगांवर उपाय निघाला आहे. रडारच्या लहरी ढग भेदून जातात. भारत आणि अमेरिका यांनी मिळून बनवलेला ‘निसार’ हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. तो दर बारा दिवसांनी जवळजवळ साऱ्या भूभागावरून फिरतो. भाताच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट आहे. पीक विमा योजनेतही खरीप २०२३ पासून भात आणि गहू यांच्या उत्पन्नाच्या अंदाजात उपग्रहाच्या माहितीला किमान ३० टक्के भार दिला जाऊ लागला. माझ्यासारख्याने शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून लिहिलेल्या अहवालांपेक्षा हे केव्हाही बरे. मात्र सबंध मंडळ ठीक आहे असे उपग्रहाने सांगितले आणि याच माणसाचे अर्धे खाचर भिजले, तर त्याची नोंद कोठे होणार?

एका बाबतीत मात्र या तंत्राने माझे मन पूर्ण जिंकले आणि त्याचे कारण आपल्या संस्कारांत आहे. भगवान ऋषभदेवांनी शिकवलेल्या सहा कर्मांत कृषी आहे, हे आपण लहानपणी पाठ केले. दक्षिण महाराष्ट्रातील आपले हजारो बांधव आजही शेतकरी आहेत. तरीही शेतीतील जीवहिंसेचा विचार आपल्या मनाला टोचतोच. पूर्वी खोडकिडा दिसला की शेतकरी दुकानदार देईल ते औषध सबंध शेतावर मारत असे. दुकानदारही आपल्यातलाच असे, हे नाकारून काय उपयोग? खोडकिड्याने ग्रासलेले फुटवे पाच टक्क्यांच्या खाली असतील तर फवारणीची गरज नाही, ही मर्यादा शास्त्रज्ञांनी केव्हाच घालून दिलेली आहे. पण फुटवे मोजणार कोण? १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली. मोबाईलवर छायाचित्र काढायचे, कृत्रिम बुद्धिमत्ता कीड ओळखून सल्ला देते. नातीने यंदा असे छायाचित्र काढले, मग चार ठिकाणी स्वतः फुटवे मोजले आणि फवारणी केलीच नाही. आजोबा पंधरा दिवस तिच्यावर रुसून होते. पीक आले. वाचलेला जीव कोणत्या खात्यात जमा करायचा ते मला सांगता येणार नाही, वाचलेले औषधाचे पैसे मात्र तिने वहीत लिहिले होते.

बोलता बोलता मी तिला एक जुनी आठवण सांगितली. आमच्या काळात डॉ. ना. कृ. सावंत यांची चारसूत्री भात लागवड कोकणात पोहोचू लागली होती. तिच्यात युरिया-डीएपीच्या ब्रिकेट चार चुडांच्या मध्ये चिखलात खोचायच्या असतात. एवढ्याशा युक्तीने पावसात वाहून जाणारे खत वाचते. त्यात ना वीज, ना पडदा. ती म्हणाली, आम्ही अजून तसेच करतो. आजोबा म्हणाले, सायेबांनीच सांगितलं होतं. मला ते आठवत नव्हते.

बँकव्यवसायातही बदल येत आहेत. राज्यात आता शेतकऱ्याला ओळख क्रमांक मिळतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘युनिफाइड लेंडिंग इंटरफेस’ जाहीर केला. त्यातून जमिनीच्या नोंदी आणि उपग्रहाची माहिती कर्ज देणाऱ्याला एकत्र पाहता येते. १ जानेवारी २०२५ पासून विनातारण शेतीकर्जाची मर्यादा दोन लाखांवर गेली आहे. कागदपत्रांसाठी शेतकऱ्याला घालावे लागणारे हेलपाटे कमी होतील, हे निश्चित. माझी शंका एवढीच आहे की ज्याचे खाचर चार ठिपक्यांचे, त्याची पत त्या चार ठिपक्यांवरून ठरणार असेल, तर शाखेत कोणीतरी असा माणूस हवा जो बांधावर जाऊन येईल. आणि शाखांत माणसे कमी होत चालली आहेत.

चहा झाला. पुतण्याने नकाशा काढला आणि सहा गुंठ्यांचा विषय मांडला. दर चांगला होता. मीही दोन शब्द बोललो, त्यांचा सूर मला आता नीटसा आवडत नाही. आजोबा ऐकत राहिले. तेव्हा नात आतून मोबाईल घेऊन आली आणि तिने आम्हाला ‘गूगल अर्थ’वरची जुनी चित्रे दाखवली. आधी आजचे चित्र, मग एकेक वर्ष मागे. निळी छपरे एकामागून एक नाहीशी होत गेली. सात-आठ टप्पे मागे गेल्यावर खाचरांच्या मधून वाकत गेलेली एक काळपट रेघ स्पष्ट दिसू लागली. तो ओढा होता. पावसाळ्यात वरच्या अंगाचे पाणी त्यातून खाली नदीकडे जाई. आज त्याच्या खालच्या टोकावर कोणाचा तरी मुरमाचा भराव आहे. वरचे टोक पुतण्याच्या नकाशातील इमारतीच्या बरोबर मधून जाते.

“दिवाळीच्या पावसात आमचं शेत पावसानं नाही भिजलं,” ती म्हणाली. “पाणी तुंबलं म्हणून भिजलं.” ती चित्रे तिने छापून घेतली होती. ग्रामसभेत दिली होती, तलाठ्याकडे दिली होती. एक प्रत तिने पुतण्यासमोर ठेवली. त्या घरात तंत्रज्ञानाचा मला दिसलेला सर्वांत नेमका उपयोग तोच होता. पिकाला काय हवे ते उपग्रहाने सांगितले नव्हते. पूर्वी येथे काय होते, ते मात्र त्याने कोणाची भीड न ठेवता सांगितले.

पुतण्या काही वेळ नकाशा आणि चित्र शेजारी ठेवून पाहत बसला. मग म्हणाला, “काका, जमीन घेताना हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.” ते खरे असावे. त्याने आर्किटेक्टला तेथूनच फोन लावला. ओढ्यावर मोठी मोरी ठेवून इमारत सरकवली तर किती जागा जाईल, असे विचारले. पलीकडून आलेला आकडा मला ऐकू आला नाही, पण त्याचा चेहरा मी वाचला. ती सवय अजून गेलेली नाही. फोन ठेवून तो म्हणाला, भागीदारांशी बोलावे लागेल. मोरी ठेवू असे लिहून देतो, पण पट्टीचा करार आताच व्हावा.

आजोबांनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी सही केली असती, याची मला जवळजवळ खात्री आहे.

“घाई कशाला सायेब,” ते पुतण्याला म्हणाले. मला ‘सायेब’ म्हणत तसेच त्यालाही. “मोरी बांधा. पावसान पानी कुठशी जातं ते बगू. मंग सही.”

निघताना नातीने नव्या तांदळाची पिशवी हातात दिली. भिजलेल्या अर्ध्यातला नाही, उरलेल्या अर्ध्यातला, हे तिने आवर्जून सांगितले. परतताना पुतण्या कशेळीच्या पुलापर्यंत काही बोलला नाही. पुलावर नेहमीची कोंडी होती. भागीदारांची बैठक पुढच्या आठवड्यात आहे आणि मी तिला यावे असे त्याचे म्हणणे आहे. छापलेल्या चित्रांची एक प्रत मी मागून घेतली आहे.